शर्टाची कड

किराणा दुकानातली सर्वांत वरची फळी. तिथला टोमॅटोचा डबा काढायला एक माणूस टाचा उंचावतो, हात वर नेतो. हातासोबत शर्टही वर सरकतो. फार नाही, चार बोटं. कमरेच्या उजव्या अंगाला, पट्ट्याला अडकवलेल्या होल्स्टरमधून पिस्तुलाची काळी मूठ दिसते. मागे ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या बाई ती बघतात आणि लेकराला जवळ ओढतात. डबा खाली येतो, शर्टही खाली येतो. माणसाला यातलं काही कळलेलंच नाही.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात 1987 सालापासून परवाना काढून पिस्तूल झाकून बाळगता येत होतं. उघड बाळगायला मात्र बंदी होती. मासेमारी, शिकार अशा मोजक्या प्रसंगी तेवढी सूट. बंदी मोडली तर 60 दिवसांपर्यंत कैद आणि 500 डॉलरपर्यंत दंड. आता फ्लोरिडाचा उकाडा डोळ्यांपुढे आणा. अंगाला चिकटणारी दमट हवा, त्यात जाकीट कोण घालणार? पातळ सुती शर्टावरून पिस्तुलाचा आकार उमटतो. त्याला तिथे ‘प्रिंटिंग’ म्हणतात. वारा आला, गाडीतून उतरताना शर्ट सीटला अडकला, की मूठ उघडी.

म्हणून 2011 मध्ये कायद्यात एक वाक्य आलं. परवानाधारकाचं शस्त्र क्षणभर दुसऱ्याला दिसलं तर तो गुन्हा नाही. मात्र रागाने किंवा धमकावण्यासाठी ते मुद्दाम दाखवलेलं नसावं. पण ‘क्षणभर’ म्हणजे किती, हे कायद्याने सांगितलं नाही.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2012 मध्ये, फोर्ट पियर्स गावात एक माणूस रस्त्याने चालला होता. परवाना त्याच दिवशी हाती पडलेला. पिस्तूल होल्स्टरमध्ये, पण शर्टाने न झाकलेलं. कुणीतरी पोलिसांना फोन केला. तो खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2017 मध्ये 4 विरुद्ध 2 अशा मतांनी बंदी कायम राहिली. 2023 पासून झाकून बाळगायला परवान्याचीही अट उरली नाही. सप्टेंबर 2025 मध्ये राज्याच्या एका अपील न्यायालयाने उघड बाळगण्यावरची बंदीच घटनाबाह्य ठरवली.

टेक्सासची गोष्ट शब्दांची आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. तिथल्या जुन्या कायद्यात परवानाधारकाने हेतुपुरस्सर शस्त्र ‘न झाकणं’ हा गुन्हा होता. 2013 मध्ये तिथे हेतुपुरस्सर ‘दाखवणं’ असा शब्द आला. न झाकणं आणि दाखवणं. पहिल्यात नजर कापडावर आहे, दुसऱ्यात माणसाच्या मनावर. वर सरकलेल्या शर्टापायी कुणाला बेड्या पडू नयेत, असं मला मनापासून वाटतं. 2016 पासून तिथे परवानाधारकाला होल्स्टरमध्ये उघड बाळगता येऊ लागलं; 2021 मध्ये बहुतेकांसाठी परवान्याची अटही गेली.

तरी दुकानदाराला ‘नाही’ म्हणता येतं. ह्यूस्टनला किंवा डॅलसला मुलाकडे गेलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांनी दारावरची पाटी कदाचित पाहिली असेल: इंग्रजी आणि स्पॅनिश मजकूर, एकेक इंच उंचीची अक्षरं. झाकलेल्या शस्त्रासाठी एक पाटी, उघड्यासाठी दुसरी.

पण त्या बाईंचं काय? समोरच्याच्या अंगावर गणवेश नाही, बिल्ला नाही. त्याच्या मनात काय आहे, ते त्यांना कसं कळावं? त्यांची भीती खोटी नाही. त्या फोन करतील, आणि ‘एका माणसाकडे पिस्तूल आहे’ एवढंच कानावर पडलेला पोलीस धावत येईल. त्या घडीला एक चुकीची हालचाल जिवावर बेतू शकते. म्हणूनच मला वाटतं, काळजी घेण्याचा पहिला भार शस्त्र बाळगणाऱ्यावर आहे. पट्टा कडक हवा, शर्ट लांब आणि ढगळ हवा. वरचं काही काढायचं तर पिस्तूल नसलेल्या बाजूचा हात वापरावा. खालचं उचलायचं तर कमरेत वाकू नये.

पुन्हा तेच दुकान. या खेपेला पिठाची पिशवी सर्वांत खालच्या फळीवर आहे. माणूस पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसतो. डाव्या हाताने पिशवी ओढतो. उजव्या हाताने शर्टाची कड घट्ट धरून ठेवतो.