सर्व्हर उठत का नाही?

सांगली, विश्रामबाग. जिन्याखालच्या या दुकानात टेबलावर उघडा पडलेला सर्व्हर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचा आहे. परवा लाइट गेली, परत आली, आणि पडदा काळा तो काळाच. काउंटर बंद राहिलं, लोक पासबुक घेऊन माघारी गेले. 'जुनं झालंय, नवीन घ्या,' असा सल्ला संस्थेला लगेच मिळाला.

कोपऱ्यातला हा हिरवा दिवा बघा. पॉवरचं बटण अजून कुणी दाबलेलं नाही, तरी तो लुकलुकतोय. नुसती वायर लावली की बीएमसी नावाची चिप जागी होते. तिचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी. मुख्य प्रोसेसर निपचित पडला तरी पंखे, तापमान, व्होल्टेज यांच्यावर तिची नजर असतेच. तिच्याशी बोलण्याची ठरावीक पद्धत, आयपीएमआय, इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ साली आणली.

आता बटण दाबलं. पंखे घोंगावले की मशीन चालू झालं असं आपण समजतो. खरं काम पुढेच आहे. प्रोसेसर पहिली सूचना फ्लॅश चिपमधून उचलतो, पण तेव्हा रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी, वापरण्याजोगी झालेलीच नसते! म्हणून फर्मवेअर, म्हणजे त्या फ्लॅश चिपमधलं मशीन उठवणारं सॉफ्टवेअर, प्रोसेसरच्या कॅशमध्येच, त्याच्या आतल्या छोट्या मेमरीत, तात्पुरता संसार मांडतं आणि रॅमच्या काड्या तपासायला घेतं. सिग्नल नेमका कोणत्या क्षणी, किती व्होल्टेजला बिनचूक वाचता येतो, ते शोधत बसतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. रॅम भरपूर असली की यातच काही मिनिटं जातात. तोवर पडदा काळा. अधीर माणूस वायर उपटतो तो नेमका इथेच.

बोर्डावरचे हे दोन अंक बदलतायत तोवर घाबरायचं कारण नाही. प्रत्येक टप्प्याला फर्मवेअर एक कोड दाखवतं. हे बघा, थांबले. आता हात लावायचा नाही. सुरुवातीलाच फर्मवेअरनं बीएमसीकडे वॉचडॉग टायमर, म्हणजे राखणीचं घड्याळ, लावून ठेवलाय, इंटेलच्या काही सर्व्हर बोर्डांवर सुमारे ६ मिनिटांचा. तेवढ्यात तपासणी उरकली नाही, तर बीएमसी मशीन रीसेट करते आणि लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, तशी नोंद टाकते. संस्थेत मात्र ही वेळ भरायच्या आतच दर खेपेला कुणीतरी वीज बंद करत होतं.

झाला रीसेट. लॅपटॉपवर लॉग उघडलाय: खराब काडीचा स्लॉट नंबरासकट समोर. या फेरीत फर्मवेअरनं ती काडी बाजूला ठेवली आणि उरलेल्या रॅमवर पुढे निघालं.

शेल्फवरच्या या दुसऱ्या बोर्डाचं दुखणं वेगळं. अपडेट अर्ध्यात तुटलं, फर्मवेअरच बिघडलं. काही बोर्डांवर फर्मवेअरची राखीव प्रत असते. चालू प्रतीची तपासणी फसली की राखीव प्रतीवरून काम सुरू होतं. फर्मवेअर जपावं, बिघाड ओळखावा, पूर्ववत करावं, ही त्रिसूत्री अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१८ साली मार्गदर्शक म्हणून मांडली. या बोर्डावर राखीव प्रत नाही. म्हणून नखाएवढ्या चिपला ही क्लिप लावून, प्रोग्रामर नावाच्या उपकरणानं मूळ फर्मवेअर पुन्हा भरलं जातंय. क्लिप केसभर सरकली तरी वाचन चुकतं. म्हणून आधी दोनदा वाचून ताडून पाहिलं, मगच लिहायला घेतलं.

टेबलावरचा सर्व्हर चालू आहे. एक काडी बदलायची राहिली. संस्थेचा नवीन सर्व्हर घ्यायचा ठराव मात्र अजून रद्द झालेला नाही.