साउथसाइड : जिन, पुदिना आणि कागदी लिंबू

पणजीतील एका बारच्या काउंटरवर कागदी लिंबू कापले जाते, तेव्हा सालीतील तेलाचे बारीक तुषार दिव्याच्या उजेडात उडताना दिसतात. बाटलीबंद लिंबूरसात हा ताजा वास उरत नाही, आणि म्हणूनच साउथसाइड नावाचे हे कॉकटेल बाटलीतल्या रसाने करण्यापेक्षा न केलेले बरे.

हे पेय मूळचे अमेरिकेचे. दारूबंदीच्या काळात शिकागोच्या दक्षिण भागातील टोळ्यांनी निकृष्ट जिनची चव झाकण्यासाठी त्यात पुदिना आणि लिंबू घातले, ही कथा बारमध्ये मोठ्या चवीने सांगितली जाते. परंतु दारूबंदी लागू झाली ती 1920 मध्ये, आणि जिन, लिंबू, साखर, पुदिना व सोडा यांची ‘साउथ साइड फिझ’ ही कृती 1917 सालीच न्यूयॉर्कच्या एका कॉकटेल-पुस्तकात छापलेली होती. म्हणजे पुदिना आला तो चवीसाठी, चोरी लपवण्यासाठी नव्हे.

जिनचा मुख्य गंध ज्युनिपर या सूचिपर्णी झुडपाच्या फळांचा, काहीसा राळेसारखा. 2017 मध्ये ‘ग्रेटर दॅन’ ही जिन गोव्यात तयार होऊ लागली आणि त्यानंतर इथल्या इतरही जिन बाजारात आल्या, त्यामुळे या काउंटरवर परदेशी बाटलीची गरज उरलेली नाही.

शेकरमध्ये, म्हणजे पेय हलवून मिसळण्याच्या झाकणबंद भांड्यात, 60 मिली जिन, 30 मिली लिंबूरस आणि 15 मिली साखरेचा पाक जातो. पाक म्हणजे समभाग साखर आणि पाणी, केवळ साखर विरघळेपर्यंत ढवळलेले. त्याला तार येऊ देऊ नये. मग पुदिन्याची पाच-सहा पाने. बारटेंडरचा हात इथे मुद्दाम जवळून पाहावा : तो देठ खुडून टाकतो, पाने तळहातावर ठेवून एकदाच थोपटतो आणि सोडून देतो. पुदिन्याचे सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत असते आणि ते एवढ्यानेच मोकळे होते. चटणीसारखी पाने ठेचली, तर हिरवा कडवटपणा पेयात उतरतो. उरलेले काम बर्फ करतो. दहा-बारा सेकंद जोरात हलवल्यावर शेकरवर बाहेरून दव धरते, आणि आतले पेय शून्याखाली गेलेले असते.

त्यानंतर शेकरच्या गाळणीखाली आणखी एक बारीक गाळणी धरून पेय थंड ग्लासात ओतले जाते, म्हणजे दाताला पानाचा तुकडा लागत नाही. वर एकच कोवळे पान ठेवतात.

हे पेय महाराष्ट्रात प्यायचे असेल, तर तिथे मद्यप्राशनासाठी परवाना लागतो आणि जिनसारख्या मद्यासाठी वयाची 25 वर्षे पूर्ण असावी लागतात. पिऊन गाडी चालवू नये, हे वेगळे सांगायला नको.

ग्लासात पुन्हा बर्फ घालू नये. पेय आंबट वाटल्यास पाक चमचाभर वाढवावा, लिंबाला मात्र हात लावू नये.