कसाऱ्याचा घाट आणि घरातली फळी

श्रोतेहो, नमस्कार.

आज एक गुळगुळीत फळी, साबणाचं रिकामं खोकं, मूठभर नाणी आणि मोजपट्टी एवढंच सामान लागेल. घरात मुलं असतील तर त्यांनाही हाक मारा. नववीच्या विज्ञानातला पहिलाच धडा गतीच्या नियमांचा आहे. तो पाठ करण्याआधी हातांनी करून बघावा, असं मला मनापासून वाटतं.

खोकं फळीवर ठेवा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचला. बराच वेळ खोकं ढिम्म हलणार नाही, मग एकदम सटकेल. हात तिथेच थांबवा. वरच्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा. त्या टोकाच्या बरोबर खालच्या जागेपासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचं आडवं अंतर मोजा. उंचीला अंतराने भागा. उंची 20 सेंटिमीटर आणि अंतर 50 आलं, तर उत्तर 0.4. हा त्या जोडीचा घर्षण गुणांक. फळी सपाट ठेवली तर ते खोकं जागचं हलवायला त्याच्या वजनाच्या चार-दशांश एवढं बल लावावं लागेल.

आता खोक्यात नाणी भरा, ती हलू नयेत म्हणून वर चिंधी कोंबा. जड झालं की लवकर घसरेल? करून बघा. घसरतं ते साधारण त्याच उतारावर. वजन दुप्पट झालं की खाली ओढणारं बल दुप्पट होतं आणि अडवणारं घर्षणही दुप्पट.

मग खोकं अरुंद बाजूवर उभं करा. टेकणारी जागा निम्म्याहून कमी झाली, तरी उतार जवळपास तोच! हे मोठ्या माणसांनाही पटत नाही. गुळगुळीत दिसणारा पुठ्ठा बारकाईने पाहिला तर खडबडीतच असतो, फळीला टेकतात ती फक्त उंचवट्यांची टोकं. रुंद बाजूवर भार पुष्कळ टोकांवर वाटला जातो. अरुंद बाजूवर टोकं कमी, पण प्रत्येक टोक जास्त दबतं. खराखुरा स्पर्श तेवढाच राहतो. फ्रान्सच्या गिलोम आमाँताँ यांनी 1699 मध्ये हे नियम मांडले. त्याच्या सुमारे दोनशे वर्षं आधी लिओनार्दो दा विंचीने ते आपल्या वह्यांत टिपले होते, पण त्या वह्या तेव्हा छापल्याच गेल्या नव्हत्या.

खोक्याला रबर बांधून ओढलंत तर आणखी एक दिसेल. हलण्याआधी रबर जास्त ताणलं जातं आणि खोकं चालू लागलं की थोडं आखडतं. चालू ठेवण्यापेक्षा सुरुवात करायला जास्त बल लागतं.

शाळेत घर्षणाची ओळख ‘गतीला विरोध करणारं बल’ एवढीच करून देतात. मला ती अपुरी वाटते. आपण नाशिककर मुंबईहून परततो तेव्हा कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागून बँकर इंजिनं लागतात. तो घाट 37 मीटरला 1 मीटर चढतो. आपल्या भागाकारात 0.027, म्हणजे फळीच्या मानाने जवळजवळ सपाटच. पण गाडी हजार टनांची धरली, तर तिला मागे ओढणारं बल होतं 27 टनांच्या वजनाएवढं. तिला पुढे कोण नेतं? इंजिनाचं चाक रुळाला मागे ढकलतं आणि रूळ चाकाला तेवढ्याच बलाने पुढे ढकलतो. न्यूटनने 1687 मध्ये छापलेला तिसरा नियम तो हाच, आणि इथे ते पुढे ढकलणारं बल म्हणजे घर्षणच. सुमारे 120 टनांच्या इंजिनाची पकड कोरड्या रुळावर वजनाच्या तीन-दशांश धरली, तर बल मिळतं 36 टनांचं. श्रावणात रूळ ओले झाले आणि पकड निम्मी झाली, तर उरतं 18 टन. 27 टनांपुढे ते कुठे पुरणार? मोटर कितीही ताकदीची असो, चाकं जागच्या जागी फिरतील. म्हणून आणखी इंजिनं जोडायची, म्हणजे रूळ ढकलणारी चाकं आणि त्यांच्यावरचं वजन वाढतं.

शिवाय इंजिनात वाळू भरलेली असते. चाक घसरू लागलं की ती चाकापुढे रुळावर सोडतात. तुम्ही म्हणाल, रस्त्याच्या वळणावर वाळू पडली की दुचाकी घसरते, मग इथे पकड कशी वाढते? फळीवर थोडी मोहरी पसरून वर खोकं ठेवा. ते अगदी थोड्या उतारावर निसटेल, कारण दाणे खाली गडगडतात. दुचाकीखाली वाळूचे कण तेच करतात. बारा चाकांच्या इंजिनाच्या प्रत्येक चाकावर मात्र दहा टनांचा भार असतो आणि ते रुळाला टेकतं अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. तिथे वाळूला गडगडायला सवडच मिळत नाही. तिचा चुरा होतो, तो चाक आणि रूळ दोन्हींत रुततो आणि गाडी इगतपुरीकडे चढू लागते.