नव्या फ्रेमला आधी दोरी लावा

नमस्कार श्रोतेहो.

अंगाच्या मापानं बनवून घेतलेली सायकलची फ्रेम हातात आली, की लगेच चाकं चढवून एक चक्कर मारावीशी वाटते. तेवढं थांबा. उघड्या फ्रेमवर जी खोट अर्ध्या तासात सापडते, तीच सायकल चालवून झाल्यावर वादाचं मूळ होते. खोट बनवताना राहिली, की तुम्ही कुठं आपटलीत?

मोठ्या कारखान्यात नमुन्याच्या फ्रेमची परीक्षा होते. आयएसओ 4210 या सायकलींच्या आंतरराष्ट्रीय मानकात पेडलवर 1 लाख वेळा जोर देऊन बघतात. आपल्या एकुलत्या एक फ्रेमची अशी परीक्षा घेतली, तर ती पुन्हा चालवण्याच्या लायकीची राहणार नाही. मग आपल्या हाती उरतं ते मोजमाप. त्यासाठी बारीक दोरी, पोलादी पट्टी, बारीक मापं घेणारा व्हर्नियर आणि टॉर्च एवढं पुरतं.

दोरी मागच्या एका ड्रॉपआउटला, म्हणजे मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या खाचेला बांधा, हेड ट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या आखूड नळीला पुढून वळसा घाला आणि दुसऱ्या ड्रॉपआउटला बरोबर त्याच जागी आणून तंग ओढा. आता सीट ट्यूबपासून, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीपासून दोरीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. एक मिलिमीटरच्या आत फरक असेल तर काळजी नको. दोन मिलिमीटर फरक असेल, तर मागचा भाग साधारण दीड-पावणेदोन मिलिमीटर एका बाजूला सरकलाय असं समजा. लगेच दोन ड्रॉपआउटमधलं अंतरही बघा. क्विक रिलीज हबसाठी, म्हणजे खटक्यानं झटपट निघणाऱ्या चाकाच्या तुंब्यासाठी, रोड सायकलला ते 130 आणि माउंटन सायकलला 135 मिलिमीटर असतं.

दोरीला पीळ मात्र कळत नाही. त्यासाठी फ्रेम उभी धरायला सांगून दोन-तीन मीटर पुढं उभे राहा आणि एक डोळा मिटा. हेड ट्यूबची कड मागच्या सीट ट्यूबच्या कडेला समांतर दिसायला हवी. दोन्ही कडा कात्रीसारख्या एकमेकींना छेदत असतील, तर फ्रेमला पीळ आहे. अशी सायकल हात सोडले की एका अंगाला ओढते. वेल्डिंगचा सांधा निवताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. टाके आळीपाळीनं समोरासमोर घालण्याऐवजी एकीकडून उरकले, की हमखास हे होतं.

आता चाक. मागचं चाक बसवल्यावर रिम चेनस्टेंच्या, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन आडव्या नळ्यांच्या मधोमध नसेल, तर फ्रेमला लगेच दोष देऊ नका. क्विक रिलीजच्या चाकाची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, आणि डिस्क असेल तर ती काढा, चाक उलटं करा आणि एक्सल नीट आत टेकवून बसवा. रिम आधी डावीकडे होती आणि आता तेवढीच उजवीकडे गेली, तर चाकाच्या तारा चुकीच्या ओढल्या आहेत. दोन्ही वेळा डावीकडेच राहिली, तर फ्रेम वाकडी.

आटे आणि तोंडं ही कंटाळवाणी जागा आहे, पण सर्वाधिक कुरकुर इथूनच येते. आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पेडलचा दांडा फिरतो त्या आडव्या नळीची दोन्ही तोंडं रंग काढून कटरनं समांतर केलेली हवीत. बॉटम ब्रॅकेटच्या इंग्लिश पद्धतीच्या आट्यात उजवी बाजू उलटी फिरते, हे विसरून जोर लावणारे नवे आटे पहिल्याच दिवशी मारतात. गिअर बदलणारा डिरेलर ज्या कानाला लागतो, त्या डिरेलर हँगरचा आटा 10 मिलिमीटर व्यासाचा, 1 मिलिमीटर पिचचा. त्यात रंग गेला असेल तर आटे पाडायचा टॅप फिरवून घ्यायचा. 27.2 मिलिमीटरची सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, वरून सहज शिरते आणि टॉप ट्यूबच्या, म्हणजे वरच्या आडव्या नळीच्या सांध्याजवळ अडते, असं झालं तर तिथं उष्णतेनं नळी लंबगोल झालीय. नळी आतून खरवडून गोल करणारा रीमर फिरवा. पोस्ट घासून बारीक करू नका, मग ती वरच्या बाजूला सैल पडते.

सांध्यांवर टॉर्च तिरका धरा. वेल्डवर खवले सुबक दिसले म्हणून भुलू नका, आत किती वितळलंय ते त्यावरून कळत नाही. नख फिरवून बघा. वेल्डच्या कडेला नळीतच खाच लागली तर ती गंभीर बाब आहे, कारण 0.8 मिलिमीटरच्या नळीत 0.2 ची खाच म्हणजे पाव जाडी गेली. टायटेनियममध्ये सांधा चंदेरी किंवा फिकट पिवळसर असावा. राखाडी, भुकटीसारखा पांढरट असेल तर वेल्डवर हवा येऊ न देणारा आर्गॉन वायू कमी पडला, आत हवा शिरली आणि धातू ठिसूळ झाला.

आता फ्रेमच्या नकाशाचा कागद काढा आणि कोन ताडून पाहा. 45 मिलिमीटर पुढं वाकलेल्या फोर्कवर आणि 25 मिलिमीटर रुंदीच्या टायरवर 73 अंशांचा हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा जमिनीशी कोन, सुमारे 56 मिलिमीटर ट्रेल देतो, म्हणजे हेड ट्यूबची रेषा जमिनीला टेकते ती जागा टायर टेकतो त्या जागेच्या तेवढी पुढं असते, 72 अंशांचा ट्रेल सुमारे 62. एका अंशानं हँडल वळवण्यातला हलकेपणा बदलतो. अर्धा अंश इकडेतिकडे सोडून द्यावा, असं माझं मत.

दुरुस्तीचं काय? आटे, तोंडं आणि रीमिंग ही कामं सुटणारी आहेत. पोलादी फ्रेम जिगवर, म्हणजे ती घट्ट धरणाऱ्या साच्यावर, थंडच वाकवून थोडी सरळ करता येते. टायटेनियम उसळून परत येतं. ॲल्युमिनियम तडकू शकतं, आणि कार्बनला तर वाकवायचा विचारही नको. चुकलेला कोन, कडेची खाच किंवा तडा असेल तर नळी बदला किंवा फ्रेमच बदलून मागा. रंगावर सांध्यालगत केसासारखी रेघ दिसली, तर तिथला रंग खरवडून डाय पेनेट्रंट, म्हणजे तड्यात झिरपणारा लाल रंग लावा. तो पुसून वर पांढरा डेव्हलपर फवारल्यावर त्या पांढऱ्या थरातून लाल रेघ वर आली तर तडा धातूत आहे.

कारागिराला कळवताना "वाकडी वाटते" असं लिहू नका. डावीकडे 31, उजवीकडे 34, असे आकडे द्या आणि प्रत्येक फोटोत पट्टी दिसू द्या. वेल्डिंग करून परत आलेल्या फ्रेमला पुन्हा दोरी लावा. नव्या आचेनं शेजारची सरळ नळीही ओढली गेलेली असू शकते.