चेंबरची तोटी

श्रोते हो, नमस्कार.

घरच्या घरी गाडीचं ऑईल बदलायचं म्हटलं की माणसं कचरतात ती एका नटापाशी. ऑईल दुकानात मिळतं, फिल्टर मिळतो, नरसाळं घरात असतंच. पण गाडीखाली शिरायचं, इंजिनच्या तळाला ऑईल साठतं त्या भांड्याच्या, म्हणजे चेंबरच्या, बुडाचा तो नट पान्याने सोडायचा, तो हातातून निसटून गरम ऑईलमध्ये पडायचा, कोपरापर्यंत हात काळा व्हायचा. एवढं सगळं डोळ्यांसमोर आलं की माणूस म्हणतो, जाऊ दे, गॅरेजलाच टाकू.

आज मला बोलायचं आहे ते या नटाच्या जागी बसणाऱ्या एका लहानशा व्हॉल्व्हविषयी. ऑईल ड्रेन व्हॉल्व्ह. नट एकदाच काढायचा, त्याच्या जागी हा व्हॉल्व्ह बसवायचा, आणि त्यानंतर ऑईल काढताना पान्याला हात लावायचा नाही.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवतो. मुलांना मी हा व्हॉल्व्ह हातात देतो आणि आत डोकवायला सांगतो. आत धातूची एक गोळी असते, गोळीला आरपार भोक. बाहेरचा लिव्हर पाव फेरा फिरवला की भोक वाटेच्या रेषेत येतं आणि ऑईल वाहू लागतं. उलटा फिरवला की बंद. मग चालत्या गाडीत दगड लागून तो आपोआप उघडणार नाही का? हा प्रश्न प्रत्येक तुकडीत येतो, आणि यायलाच हवा. जपानच्या फुमोटो कंपनीचा जो व्हॉल्व्ह जास्त प्रसिद्ध आहे, त्यात लिव्हर एका खाचेत बसतो आणि स्प्रिंग त्याला तिथे धरून ठेवते. खाचेतून उचलल्याशिवाय तो फिरतच नाही. लक्षात ठेवा: आधी उचलायचा, मग फिरवायचा. नुसता ढकलून तो उघडत नाही. जर्मनीच्या स्टालबुसचा प्रकार वेगळा आहे. त्यात टोपी काढून नळीचा जोड हाताने आवळला की आतली स्प्रिंगची झडप मागे सरकते आणि ऑईल नळीत उतरतं.

आता नट खराब का होतो, तेही थोडक्यात. चेंबर म्हणजे एक तर पातळ पत्रा, नाही तर ॲल्युमिनियम. नट पोलादी. दर वेळी नवा वायसर घालायचा असतो, तो घातला जात नाही. जुन्या वायसरमुळे थेंब गळतो, म्हणून नट आणखी आवळला जातो. पुढच्या वेळी आणखी. बऱ्याच लहान गाड्यांना हा नट 30 ते 40 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायला सांगितलेला असतो. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला साधारण 15 किलोचा जोर, बस्स. हा आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. आणि मॅन्युअल? ते डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत, गाडी घेतली त्या दिवसापासून तसंच. लाखो रुपयांची वस्तू घ्यायची आणि तिच्यासोबतचं पुस्तक उघडायचं नाही, हे मला पटत नाही. आज रात्री जेवण झाल्यावर ते पुस्तक काढा. ऑईलचा ग्रेड आणि ऑईल किती लागतं, एवढं तरी वाचा.

आता आत्याची गोष्ट. ही मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय माझ्याच्याने पुढे सरकत नाही.

माझी आत्या कराडला असते. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी ओम्नी चालवते. आधी आतोबा चालवायचे. त्यांचा उजवा खांदा धरला, हात वर जाईना, स्टिअरिंग फिरवताना कळ यायला लागली. घर व्हॅनवर चालायचं. आत्याने पन्नाशीत लायसन काढलं, बॅज काढला आणि पहिल्या पावसाळ्यात स्टिअरिंग हातात घेतलं. मुलं तिला व्हॅनवाली आजी म्हणायची. कोणाचं दप्तर राहिलं, कोणाला ताप आहे, कोणाची आई आज उशिरा येणार, सगळं तिला पाठ.

एका जून महिन्यात तिने व्हॅन ऑईलसाठी एका गॅरेजला दिली. तिथल्या पोराने नट सोडायला पाना लावला, तर नट हलेना. आधीच्या कुणी तरी पान्यावर पाईप घालून तो आवळलेला. पोराने छिन्नी लावून ठोकला. नट आला, आणि नटाबरोबर आटेही आले. त्याने टेफ्लॉनची टेप गुंडाळून, सीलंट फासून नट परत बसवला आणि गाडी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या फरशीवर ऑईलचं थारोळं.

तिचा मला फोन आला. म्हणाली, "बाळा, गाडीचं पोट फाटलंय. शाळा 15 जूनला उघडते. काय करू?"

आठवडाही हातात नव्हता. पालक फोन करत होते, मावशी, सोमवारपासून नक्की ना? आणि तिला दुसरीच काळजी होती. ती म्हणाली, "गाडी बंद पडली तर ढकलता येते. पण मुलं आत असताना ऑईल संपलं आणि इंजिन धरलं, तर हमरस्त्यावर मी काय करायचं?" तिचं बरोबर होतं. या इंजिनात ऑईल मुळात तीन लिटरच्या आसपास. गळायला लागलं तर संपायला वेळ लागत नाही.

मी गेलो. चेंबर उतरवलं, केरोसिनने धुतलं आणि दोघं ओगलेवाडीला एका लेथवाल्या मिस्त्रींकडे घेऊन गेलो. ओगलेवाडी म्हणजे तीच, जिथे ओगल्यांच्या काचकारखान्यात प्रभाकर कंदील व्हायचे. वस्तू घडवणाऱ्या हातांचं गाव आहे ते. आज कुठेही जा, ऐकायला येतं, पार्ट बदला. दुरुस्त करणारा टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा कारागीर, शोधावा लागतो. आमच्या आयटीआयमध्येही टर्नरच्या ट्रेडकडे मुलं वळावीत म्हणून आम्हाला समजूत घालावी लागते. तुमच्या घरात दहावी झालेलं, हाताने काही करायची आवड असलेलं मूल असेल तर त्याला एकदा लेथ चालताना दाखवा. मशीनवर पोलादाची साल निघताना बघितली की मूल तिथून हलत नाही.

तर मिस्त्री. त्यांनी चेंबर उजेडाकडे धरलं, भोकात करंगळी फिरवली आणि म्हणाले, "ताई, आटे पार गेलेत. ही चकती कापतो, नवी बुश, म्हणजे जाड कडं, वेल्ड करतो आणि आटे पाडून देतो. पण पुन्हा कुणी पाईप घालून आवळलं तर हेही जाणार."

आत्या जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मिस्त्री, आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. धुवायची झाली की मी खालची तोटी सोडते. दर वेळी टाकीचं बूड उचकटत नाही. मग गाडीला तोटी का बसवत नाहीत?"

मिस्त्रींनी लेथ बंद केला. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. इतकी वर्षं मी मुलांना ऑईल बदलायला शिकवत होतो आणि या व्हॉल्व्हविषयी वाचूनही होतो. पण त्याची गरज इतक्या सरळ शब्दांत कोणी मांडलेली मी ऐकली नव्हती. जिने कधी पाना धरला नव्हता, तिने बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं.

मिस्त्रींनी बुशला मूळचंच माप ठेवलं, 14 मिलिमीटर व्यास आणि दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, दीड मिलिमीटर. म्हणजे नवा नटही बसेल आणि पुढे व्हॉल्व्हही बसेल. नवा नट, नवा तांब्याचा वायसर. रविवारी रात्री व्हॅन उभी करून खाली कागद पसरला, सकाळी कागद कोरडा. सोमवारी मुलं वेळेवर शाळेत.

व्हॉल्व्ह मागवला, तो दिवाळीच्या सुट्टीत बसवला. ऑईल काढायची वेळ तेव्हाच आली होती. आत्याने अंगणात गोणपाट अंथरलं, पदर खोचला आणि कुशीवर झोपून गाडीखाली हात घातला. नळी जोडली, नळीचं दुसरं टोक पाच लिटरच्या कॅनमध्ये सोडलं. मी म्हटलं, आधी उचल, मग फिरव. तिने तसंच केलं. ऑईल नळीतून सुरू झालं. थेंबही सांडला नाही. ती उठून बसली, हात बघितले. स्वच्छ. ओट्यावर बसून तिने चहा घेतला आणि तोवर चेंबर रिकामं झालं. शेजारच्या दोघी कंपाउंडपाशी उभ्या राहून बघत होत्या. एकीने विचारलं, "एवढंच असतं?" आत्या म्हणाली, "एवढंच असतं."

पण मला ही गोष्ट सांगावीशी वाटते ती पुढच्या प्रसंगासाठी. त्यानंतरच्या ऑईलच्या वेळी मी पुन्हा तिथे होतो. आतोबा ओट्यावर बसून बघत होते. ज्या माणसाने ती व्हॅन वर्षानुवर्षं सांभाळली, प्रत्येक आवाज ओळखला, त्याला खांदा गेल्यापासून गाडीचं एकही काम करता येत नव्हतं. पाना धरला तरी जोर लागत नव्हता. आत्याने नळी जोडली आणि त्यांना हाक मारली, "अहो, या इकडं. तुम्ही सोडा." ते आले, सावकाश बसले, डावा हात आत घातला, दोन बोटांनी लिव्हर उचलला आणि फिरवला. ऑईल सुरू झालं. ते काही बोलले नाहीत. कॅन भरेपर्यंत तिथेच बसून राहिले. मग ऑईल बोटावर घेऊन अंगठ्याने चोळून बघितलं, कचकच लागते का ते, आणि आत्याला म्हणाले, "गाडी नीट चालवतेस." आता त्या व्हॅनचं ऑईल तेच बदलतात. फिल्टर तेवढा त्यांचा मुलगा काढतो.

फिल्टरचं आलंच आहे तर सांगतो. हा व्हॉल्व्ह बसवला म्हणून फिल्टर सुटत नाही. तो बदलायचाच.

व्हॉल्व्ह घेण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, आट्यांचं माप. काही गाड्यांना 14 मिलिमीटर आणि दीडचा पिच, काहींना 12 मिलिमीटर आणि सव्वाचा पिच. अंदाजाने घेऊ नका. जुना नट मापून घ्या. पुन्हा सांगतो, माप घेतल्याशिवाय घेऊ नका. पिच चुकला आणि जोर करून फिरवलात, तर जे आटे वाचवायचे तेच जातील.

दुसरी, जमिनीपासूनचं अंतर. व्हॉल्व्ह नटापेक्षा लांब असतो, खाली किंवा मागे डोकावतो. चेंबर गाडीचा सगळ्यात खालचा भाग असेल आणि नट सरळ खाली तोंड करून असेल, तर लांब तोंडाचा व्हॉल्व्ह नको, आखूड घ्या. आपल्याकडचे गतिरोधक तुम्हाला माहीत आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं माप ठरवून दिलं आहे, 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, चढ गोलाईचा. गावागावांत रातोरात घातलेले डांबराचे उभे बांध या मापात कुठेच बसत नाहीत. रुग्णवाहिकेतल्या माणसाला त्यावरून जाताना काय होत असेल, याचा विचार ते घालणाऱ्यांनी करायला हवा. ग्रामपंचायतीत हे माप दाखवा, मागणी करा. तोवर गाडीखाली वाकून, व्हॉल्व्ह गाडीच्या बुडाच्या आडव्या दांड्याच्या वर राहतो ना, हे बघून घ्या.

गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. आणि व्हॉल्व्ह आवळताना जोर बेताचा. फुमोटोचा तर पितळी आहे.

ऑईल काढताना इंजिन कोमट हवं. पाच मिनिटं चालवा, बंद करा, थोडं थांबा. लांबच्या प्रवासातून आल्या आल्या काढू नका, ऑईल भाजतं. व्हॉल्व्हचं भोक नटाच्या भोकापेक्षा लहान, त्यामुळे वेळ जास्त लागतो. लागू द्या. तळाला थोडं ऑईल उरतं, त्याने बिघडत नाही. आणि गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली कधीही जायचं नाही. कधीही नाही. खाली घोडी, म्हणजे लोखंडी आधार, लावा, नाही तर गाडी न उचलता हात पोचतो का ते बघा. व्हॉल्व्हमुळे बऱ्याच गाड्यांत तो पोचतो.

डिझेलवाल्यांसाठी एक. नवं ऑईल काही शे किलोमीटरमध्ये काळं दिसतं म्हणून घाबरू नका. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगावर जाऊ नका, किलोमीटर आणि महिने मोजा.

राहिलं जळकं ऑईल. कॅनमध्ये ते आयतंच जमा झालेलं असतं, हा या व्हॉल्व्हचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. ते गटारात, ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासतात, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात, पण त्यात इंजिनातली धातूची झीज आणि काजळी असते, आणि पावसात ती मातीतच उतरते. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे. तेच ऑईल शुद्ध करून पुन्हा वापरात आणता येतं, आणि 1 एप्रिल 2024 पासून त्याची जबाबदारी ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आहे. कॅनचं झाकण घट्ट लावा, त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळू देऊ नका, आणि जळकं ऑईल अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या. कोणाला देता, हे त्यांना विचारा.

व्हॉल्व्ह बसवल्यावर पहिल्या रात्री गाडीखाली कोरा कागद टाका. सकाळी थेंब दिसला तर वायसर बदला, व्हॉल्व्ह आवळत बसू नका. आणि पुढच्या आठवड्यात एकदा डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी बघायची पट्टी, ओढून बघा, गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटं झाल्यावर.

नमस्कार.