हा आकडा आला कुठून?

(दृश्य : रिकामी संगणक प्रयोगशाळा. एकामागून एक स्क्रीन उजळत जातात.)

व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीचं दुसरं वर्ष. फळ्यावर मॅडमनी एवढंच लिहिलंय : पहिल्या महिन्याची विक्री १००० नग, दरमहा वाढ ३ टक्के, बारावा महिना काढा.

गणित शाळेतलंच. वेळापत्रकात मात्र या तासाला भारदस्त नाव आहे, ‘व्यवस्थापकांसाठी संगणक’. मुलं त्याला नुसतं ‘लॅब’ म्हणतात.

(दृश्य : जवळून. एका मुलीची बोटं, कीबोर्ड, स्क्रीनवरचा बी रकाना.)

समोर स्प्रेडशीट उघडलेली, म्हणजे रकाने आणि ओळींच्या चौकटींचा तक्ता. एकेक चौकट म्हणजे सेल. बी रकान्यात तिसऱ्या ओळीला, म्हणजे बी ३ मध्ये, १०००. वाढीचा दर बाजूला, ई २ मध्ये. मग बी ४ मध्ये बरोबरचं चिन्ह, वरचा सेल, गुणिले एक अधिक ई २. एंटर. १०३०. इथपर्यंत ठीक. आता सेलच्या कोपऱ्यातला तो बारीक चौकोन माउसने धरायचा आणि खाली ओढायचा.

ओढला. १०३०. १०३०. १०३०. थेट बाराव्या महिन्यापर्यंत १०३०.

(दृश्य : मुलगी स्क्रीनकडे बघते आहे. सहा सेकंद निवेदन नाही.)

कुठे लाल खूण नाही, कसला इशारा नाही. फॉर्म्युला एक ओळ खाली उतरला, तसा त्याच्या पोटातला दराचा पत्ताही उतरला. ई २ चा ई ३ झाला, ई ३ चा ई ४. तिथे काहीच लिहिलेलं नाही, आणि रिकामा सेल गणितात शून्य धरला जातो. म्हणजे दुसऱ्या महिन्यानंतर विक्री जागची हललीच नाही, आणि तक्ता मात्र दृष्ट लागावी इतका नीटनेटका.

“फॉर्म्युल्यातल्या ई २ वर कर्सर ठेव, एफ ४ दाब,” मॅडम मागून सांगतात.

(दृश्य : जवळून. एफ ४ ची कळ. फॉर्म्युल्यात डॉलरची दोन चिन्हं उमटतात.)

डॉलर म्हटला की पैसा आठवतो. इथे तो खिळ्याचं काम करतो : एक चिन्ह रकाना ठोकून ठेवतं, दुसरं ओळ. आता कितीही खाली ओढा, दर ई २ मधूनच येणार. बारावा महिना : १३८४ नग.

मॅडम पुढे म्हणतात, “वाढ ३ टक्के होणार नाही म्हणतायत. २ धर.” मुलगी एका सेलमध्ये २ लिहिते. अख्खा रकाना पापणी लवायच्या आत बदलतो. १२४३.

शेजारच्या मुलाने ३ टक्के प्रत्येक ओळीत हाताने लिहिले होते. तो अजून आठव्या महिन्यावर आहे.

(दृश्य : जुन्या, दुपानी हिशेबवहीची पानं. आडव्या-उभ्या रेघा, खाडाखोड.)

स्प्रेडशीट हा शब्द संगणकाच्या आधीचा. हिशेबनीस समोरासमोरच्या दोन पानांवर पसरून जो रुंद तक्ता मांडत, त्याचं ते नाव. जमा-नावे मांडायची द्विनोंदी पद्धत त्याहून कितीतरी जुनी. ती लुका पाचोली या गणिती भिक्षूने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापून जगापुढे ठेवली, पण व्यापारी ती त्याच्या आधीपासून वापरत होते. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद ही सगळी उतरंड कागदावरच उभी राहिली. कागदाची अडचण एकच : वरचा एक आकडा बदलला की खालचे सगळे खोडा.

(दृश्य : फळा. खडूने मांडलेला तक्ता, डस्टरने पुसलेली एक चौकट.)

१९७८. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एका वर्गात डॅन ब्रिकलिन नावाचा व्यवस्थापनाचा विद्यार्थी बसला होता. त्याआधी त्याने संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याचं काम केलेलं. असे तक्ते मांडताना एक आकडा चुकला की पुढची सगळी रांग पुसून नव्याने लिहावी लागते, हे त्याने पाहिलं आणि त्याच्या डोक्यात आलं : फळ्यानेच उरलेलं गणित केलं तर?

कल्पना ब्रिकलिनची, प्रोग्राम लिहिला त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन याने. तो रात्री काम करायचा, कारण संगणकाचा वेळ भाड्याने घ्यावा लागे आणि रात्री तो स्वस्त पडे. १९७९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी त्यांचं स्प्रेडशीट सॉफ्टवेअर, व्हिझिकॅल्क, बाजारात आलं. ६३ रकाने, २५४ ओळी, बस. तेवढ्यावर लोक निव्वळ हे एक सॉफ्टवेअर चालवायला मिळावं म्हणून संगणक विकत घेऊ लागले. मग १९८३ मध्ये लोटस १-२-३ हे दुसरं स्प्रेडशीट सॉफ्टवेअर. १९८५ मध्ये एक्सेल, तेही आधी मॅकिंटॉशवर. विंडोजवर यायला १९८७ उजाडलं. रकान्यांना अक्षरं आणि ओळींना आकडे, ही आपली ई २ म्हणायची रीत व्हिझिकॅल्कपासूनची.

हार्वर्डच्या त्या वर्गात आज एक पाटी आहे. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याच्या नावाने लागलेली पाटी. पण ‘स्प्रेडशीटचे फायदे लिहा, पाच गुण’ असा प्रश्न कागदावर विचारून हा विषय उरकणारी महाविद्यालयं काही कमी नाहीत. पोहण्याची लेखी परीक्षा घेतात का कोणी?

(दृश्य : प्रयोगशाळा. स्क्रीनवर विक्रीच्या नोंदींची लांबलचक यादी वर सरकते.)

दुसरी बॅच. यादीत तारीख, महिना, विभाग, वस्तू, नग. हजारो ओळी. या यादीकडे बघून कोणालाही काही कळणार नाही, मॅडमनाही नाही. आता पिव्होट टेबल, म्हणजे लांब यादीची गटवार बेरीज करून देणारा छोटा तक्ता. ‘विभाग’ ओळींमध्ये ओढला, ‘महिना’ रकान्यांमध्ये, ‘नग’ मधोमध. यादी गोळा होऊन एका हातरुमालाएवढी झाली.

पण एक विभाग दोनदा आलाय. मुलं चक्रावतात. नाव तेच, स्पेलिंग तेच.

(दृश्य : जवळून. सेलमध्ये शेवटच्या अक्षरानंतर लुकलुकणारा कर्सर. एक बॅकस्पेस.)

शेवटी एक मोकळी जागा होती. डोळ्याला दिसत नाही, संगणकाला ते वेगळं नाव वाटतं. नोंद करणाऱ्याचा अंगठा चुकून स्पेसबारवर पडला, एवढंच. अशी यादी निवडायला, तांदूळ निवडावेत तशी, अर्धा तास जातो. प्रत्यक्ष विश्लेषणाला दहा मिनिटं. माझ्या मते या अभ्यासक्रमात शिकण्यासारखं जे आहे, ते या अर्ध्या तासात आहे.

डेटाबेस, सादरीकरण, कंपनीचं सगळं कामकाज एका छताखाली आणणारी ईआरपी सॉफ्टवेअर, हेही अभ्यासक्रमात असतं. आणि हल्ली फॉर्म्युला लिहून द्यायला एआय आहेच. मुलं बिनदिक्कत विचारतात, उत्तर बहुतेक वेळा बरोबरही येतं. बहुतेक वेळा.

(दृश्य : छापलेला तक्ता, त्यावर लाल पेनाने गोल केलेली बेरीज.)

आणि चुकलं तर? २०१० मध्ये देशांची कर्जं आणि आर्थिक वाढ यांवरचा राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा निबंध जगभर गाजला. एक्सेलमध्ये सरासरी काढताना ३० ते ४९ या ओळींऐवजी ४४ व्या ओळीपर्यंतच घेतल्यामुळे त्यातून पाच देश गळले होते. चुका आणखीही निघाल्या, पण ही २०१३ मध्ये सापडली ती थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याला, वर्गाचा गृहपाठ करताना. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ नोंदी वेळेत पुढे गेल्याच नाहीत, कारण एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. नव्यात १०,४८,५७६ मावतात. त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला.

(दृश्य : प्रयोगशाळेबाहेरचा व्हरांडा. मुलं भिंतीला टेकून उभी. आतून एकेकाला हाक.)

तोंडी परीक्षा. व्याख्या विचारत नाहीत. मॅडमनी प्रत्येकासाठी एक फाइल तयार ठेवली आहे, आणि प्रत्येक फाइलमध्ये एक खोडी.

पहिल्या तासाची तीच मुलगी. तक्ताही तोच : १००० नग, ३ टक्के, बारा महिने. ती एकेक ओळ वाचते. सगळं जुळतंय. शेवटी १३८४.

“दर २ कर,” मॅडम म्हणतात.

(दृश्य : स्क्रीन. रकाना बदलतो.)

पाचवा महिना १०८२. सहावा ११०४. सातवा ११९४. आठवा १२१८.

मुलगी पेन्सिलीचं टोक स्क्रीनवरून वरून खाली नेते. सहाव्याशी थांबते. पुन्हा वर जाते. सहाव्यावरून सातव्यावर एकदम ९० नगांची उडी? ती सातव्या महिन्याच्या सेलवर क्लिक करते आणि वरच्या पट्टीकडे बघते.

(दृश्य : जवळून. फॉर्म्युल्याची पट्टी.)

बरोबरचं चिन्ह नाही. पत्ता नाही. नुसतं ११९४.

“मॅडम, हा कोणीतरी हाताने टाकलाय.”

(दृश्य : मॅडम गुणपत्रिकेवर काहीतरी लिहितात. बाहेर पुढच्या नावाची हाक.)