अक्षरातली भेसळ

नमस्कार श्रोतेहो. 'मुलाला चित्रकलेची आवड आहे, पण पुढे खाणार काय?' हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. पंगत म्हणतोय खरा, पण हल्ली ताट हातात धरून उभ्यानेच जेवायचं. असो.

आज फक्त अक्षरांबद्दल बोलतो. अक्षरांत काम आहे. पुन्हा सांगतो, अक्षरांत काम आहे.

1988ची मे महिन्याची सुट्टी. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळालेली, त्यामुळे मी हवेत. गिरगावातल्या एका पेंटरकाकांच्या हाताखाली लागलो. एका दुकानाची पाटी आली: वर 'शुद्ध तूप', खाली 'मिळेल'. काकांनी पत्र्यावर सूत मारून दिलं आणि ते चहाला गेले. मी अडलो 'द्ध'पाशी. 'द'च्या पोटाखाली 'ध' लटकवायचा, तर तो खालच्या वेलांटीला भिडत होता. मग शक्कल लढवली. अर्धा 'ध', शेजारी 'द'. 'शुध्द'! लालभडक इनॅमल, ओळ कशी झोकात बसली.

दुकानदार खूश. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या एक आजी थांबल्या. चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "तूप शुद्ध असेल रे बाबा, अक्षरात भेसळ आहे."

काका आले, ओरडले नाहीत. रॉकेलचा बोळा हातात दिला. पुसून झाल्यावर रद्दीवर शंभर वेळा 'द्ध' लिहायला लावला. साठाव्या-सत्तराव्या वेळी कळलं: 'ध' चेपायचा नसतो, 'द'चं पोट वर उचलायचं असतं. रॉकेलचे पैसे मजुरीतून कापले, ते वेगळंच.

हीच कसरत फॉन्ट करणारे रोज करतात. संगणकावरचा 'मंगल' आठवतो? तो र. कृ. जोशींचा, ते पवईच्या आयआयटीत, आयडीसी या तिथल्या डिझाइन विभागात शिकवायचे. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' तर कुणालाही फुकट वापरता येतो. फुकट, मग पैसे कुठून? कंपनीला स्वतःचं अक्षर हवं असतं, मालिकेला शीर्षक, अ‍ॅपला मराठी बटणं. त्याचे पैसे मिळतात.

शिकायला मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात उपयोजित कला आहे. आयडीसीच्या बी.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी, बारावीला यूसीड ही प्रवेश परीक्षा द्यायची. शाखा कुठलीही चालते. आर्ट्सच घ्यायला हवं असं नाही. शाखा कुठलीही चालते.

परवा त्या गल्लीतून गेलो. पत्रा जाऊन फ्लेक्स आलाय. तूप अजून मिळतं. 'शुध्द' मिळतं.